पिपचा अर्ज आणि आमच्या भागातील मोफत सल्ला केंद्र

माझ्या यजमानांना गेली 6 वर्षे ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आम्ही इंग्लंडमधील लेस्टरला राहतो. त्यांच्यासाठी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना मिळणारा आणि इथे सगळे ज्याला पिप म्हणतात तो सरकारी भत्ता, मागायचे आम्ही फार उशिरा ठरवले. अर्ज भरताना ज्या मोफत सल्ला केंद्राने हात दिला, त्याविषयी हे लिहीत आहे.

सुरुवातच विस्कटली होती. अर्जाचे पाकीट आमच्याऐवजी शेजारच्या इमारतीतील त्याच क्रमांकाच्या फ्लॅटमध्ये पडले आणि तिथल्या आजींनी ते आणून दिले, तेव्हा पत्रावरच्या तारखेपासून 17 दिवस उलटले होते. अर्ज परत पाठवायला एका महिन्याची मुदत असते, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. केंद्रातील सल्लागार बाईंनी अर्ज उघडण्याआधी आम्हाला भत्त्याच्या सरकारी कार्यालयाला फोन करायला लावून मुदत वाढवून घेतली आणि बोलणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ त्या पाकिटावरच लिहायला सांगितली. त्या पाच मिनिटांनंतर मला नीट श्वास घेता आला.

अर्जात 12 कामांविषयी विचारतात: दैनंदिन जगण्याची 10 आणि हिंडण्याफिरण्याची 2. प्रत्येक भागात 8 गुण झाले तर साधा दर आणि 12 झाले तर वाढीव दर मिळतो. गुण आजाराच्या नावाला नसतात. त्या आजाराने रोजचे काय अडते, याला असतात. आमची खरी अडचण इथेच होती. कुणीही विचारले तरी ‘बरं आहे’ म्हणायचे, दुखणे चारचौघांत काढायचे नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून मुरलेले आहे. यजमानांनी स्वयंपाकाच्या प्रश्नापुढे ‘जमते’ असे लिहूनही टाकले होते.

बाईंनी ते खोडले नाही. काल सकाळचा चहा कोणी केला, एवढेच त्यांनी विचारले. मग हळूहळू निघत गेले, की सकाळी बोटे आखडलेली असल्याने सांडशीची पकड बसत नाही, मागच्या महिन्यात उकळत्या दुधाचे पातेले हातून निसटून त्यांच्या पायावर सांडले आणि तेव्हापासून मी जवळ उभी असल्याशिवाय ते गॅस पेटवत नाहीत. इतके दिवस शेजारी उभी राहूनही मी याला मदत म्हणून कधी मोजले नव्हते. काम सुरक्षितपणे, पुरेसे चांगले, पुन्हा पुन्हा आणि निरोगी माणसाच्या दुपटीहून जास्त वेळ न घेता करता आले, तरच ते ‘जमते’ असे धरतात, आणि निम्म्याहून अधिक दिवस काय घडते ते पाहतात, हे बाईंनी समजावले. शर्टाच्या बटणांपासून चालण्यापर्यंतचे प्रत्येक उत्तर आम्ही त्या कसोटीवर पुन्हा लिहिले. त्यांनी एकही शब्द वाढवून लिहू दिला नाही, याचे मला विशेष मोल वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिल्या भेटीसाठी 9 दिवस थांबावे लागले, फोनवर एकदा 40 मिनिटे गेली. मुदत अंगावर आलेल्या माणसाला हे फार जड जाते. मराठी बोलणारे कुणी नव्हते, त्यामुळे हिंदी आणि इंग्रजीवर भागवले. मात्र अर्जानंतर अडचणींविषयी प्रश्न विचारून जी तपासणी होते, तिच्यासाठी दुभाषा आधी सांगून मागता येतो आणि सोबत घरचे माणूस बसू शकते, हे त्यांनीच सांगितले. अर्ज टाकण्याआधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढायला लावली. पोस्टातून पाठवल्याची पावती फुकट मिळते, तीही घ्यायला लावली.

तपासणी फोनवर झाली. झेरॉक्स मांडीवर घेऊन मी शेजारी बसले होते. निकाल अजून यायचा आहे. तो विरुद्ध गेला तर फेरविचाराची मागणी एका महिन्याच्या आत करावी लागते, म्हणून त्याच बाईंची पुढची वेळ आम्ही आत्ताच घेऊन ठेवली आहे, आणि शेजारच्या आजींना आमचे पाकीट दिसले तर लगेच बेल वाजवायला सांगून आलो आहोत.