छोट्या बोटीवर कोणती लेन्स: झूम की लांब प्राइम?

झूम लेन्समध्ये दृश्य जवळ-लांब करता येतं; प्राइममध्ये ते होत नाही, तिचा मिमीचा आकडा (फोकल लांबी) एकच. हा आकडा मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. बेटांच्या सफरीत प्राणी किती लांब असेल हे आपल्या हातात नसतं. डॉल्फिन कधी थेट बोटीच्या पुढच्या टोकाखाली येतात, तर कड्यावरचे समुद्रपक्षी दूरच राहतात. १००-४०० मिमी झूम इथे कामाला येते. वजन साधारण दीड किलो, हातात धरूनही तासभर निभावतं. शिवाय लेन्स बदलावी लागत नाही. खारे तुषार उडत असताना कॅमेरा उघडणं म्हणजे संकटाला आमंत्रणच.

६०० मिमी एफ/४ प्राइम पहाटेच्या अंधुक उजेडात बाजी मारते. एफ-आकडा लेन्सच्या छिद्राचा, तो लहान तितका प्रकाश जास्त: एफ/४ला एफ/५.६च्या दुप्पट प्रकाश, पार्श्वभूमीही लोण्यासारखी मऊ. पण वजन तीन किलोच्या घरात, आणि चौकटीत मावणारा दृश्याचा कोन जेमतेम चार अंशांचा. बोट हलली की पक्षी चौकटीबाहेर! ट्रायपॉडचा आधारही फसवा, कारण इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात शिरते. गुडघे सैल सोडून उभं राहणं बरं.

शटरचा वेग दोन्हींत १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. मी झूमच नेईन. प्राइम फक्त बेटावर उतरून निवांत बसायला मिळणार असेल तरच.