एआय रुग्णाशी बोलून पाहिलं

डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण रुग्णाला वाईट बातमी सांगायची म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून हे सरावाचं अ‍ॅप घेतलं. एआय रुग्ण, आपण डॉक्टर. 1963 मध्ये डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी माणसांना रुग्णाची भूमिका शिकवून असाच सराव सुरू केला होता; हा रुग्ण मात्र रात्री दोन वाजताही कंटाळत नाही.

गुण 'स्पाइक्स' या वाईट बातमी सांगण्याच्या पद्धतीच्या सहा पायऱ्यांवर मिळतात. रुग्णाला आधी काय ठाऊक आहे हे न विचारता मी थेट 'मॅलिग्नन्सी' (कर्करोग) म्हणाले, तर समोरून आलं, "म्हणजे काय हो डॉक्टर?" अशी खजील झाले! पैसे तिथेच वसूल.

शांतता मात्र याला झेपत नाही. मी जरा थांबले की लगेच बोलू लागतो. खरा माणूस गप्प बसतो, नखं कुरतडतो. सहानुभूतीची ठरावीक वाक्यं टाकली की गुण वाढतात, मी मुद्दाम पोपटपंची करून पाहिली. आणि एकदा मधुमेहाचा रुग्ण मध्येच ठामपणे स्वतःचा दमा सांगू लागला. एआयचं सगळं पडताळून घ्यायचं, हे व्याख्यानापेक्षा त्या दिवशी जास्त कळलं.

वॉर्डात खाटेशेजारी अजून त-त-प-प होतंच.