बर्गर ॲपवरून मागवावा की दुकानात जाऊन खावा?

दोन वर्षं आम्ही ॲपवरूनच मागवायचो. आता लेकरांनी बर्गरचा हट्ट धरला की बहुतेक वेळा गाडी काढतो आणि छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या कॅनॉट मार्केटला जातो.

पैशांचं आधी. भाव सगळीकडंच वाढलेत. पण त्याच दुकानातला तोच बर्गर काउंटरवर १४९ ला आणि ॲपवर १७९ ला होता. त्यावर पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, डिलिव्हरी वेगळी. कूपन लागलं तर फरक कमी होतो, हे मान्य. पण ते लागावं म्हणून नको असलेलं कोल्ड्रिंक कितीदा घेतलं. फ्राइज तर वाटेतच मऊ पडतात.

माझं मत फिरलं ते मात्र तक्रारीवरून. एका शनिवारी ६१२ रुपयांची ऑर्डर आली. मुलीनं एक घास घेऊन बर्गर खाली ठेवला. पॅटी फोडून पाहिली तर वरून तळलेली, मधे बर्फासारखी गार, बटाटा करकरीत. चॅटवर सांगितलं तर उत्तर आलं, ‘फोटो पाठवा.’ गारपणा फोटोत कसा दिसणार? तीनदा लिहिलं, तीनदा तेच उत्तर. दुकानात फोन केला तर म्हणाले, ‘ॲपवाल्यांना सांगा.’ शेवटी हातात आलं ५० रुपयांचं कूपन, तेही सात दिवसांत वापरायचं. लेकरू उपाशी आणि आपण टाइप करत बसलोय, याचा फार संताप आला. सोमवारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, मराठीतच तक्रार दिली. नवव्या दिवशी पैसे परत आले.

पुढं एकदा काउंटरवरही तशीच पॅटी निघाली. काउंटरवरच्या पोरानं बोटानं दाबून पाहिली. “सॉरी काका, दुसरी देतो,” म्हणाला. पाच मिनिटांत गरम बर्गर समोर.

दुकानात बसून खाल्लं तर बिल तेवढं वाचा. जुलै २०२२ च्या केंद्रीय सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. सांगितलं की काढतात, निदान माझ्या बिलातून काढला.

घरात कुणी आजारी असेल, रात्र झाली असेल, तर ॲप सोयीचंच आहे, आम्हीही मागवतो. फक्त तेव्हा बिलाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि कूपन घेऊन तक्रार बंद करू नका. हेल्पलाइननं नाहीच भागलं तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, आणि आपण वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी लागत नाही.