जुन्या जीपला नवं अंग: पत्रा, फायबर की कार्बन?

बोनेट आणि मडगार्ड नव्यानं करायचे म्हटलं की वाळूज-चिकलठाण्यात कुणीतरी हमखास सांगतं, "फायबर घ्या, वजन निम्म्यावर येतं." एवढं येत नाही. 0.8 मिमी पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो. हातानं थापलेलं फायबर (म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, मॅट, रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवून घट्ट केलेली) साधारण 3 मिमी जाड ठेवावं लागतं, ते साडेचार किलोच्या आसपास जातं.

गंजाचा मुद्दाही कोकणात जितका मोठा, तितका आपल्या मराठवाड्यात नाही. मात्र गाडीतून युरियाची पोती वाहत असाल, तर पत्रा लवकर सडतो.

फायबरची खरी कमाई आकारात आहे. फुगीर मडगार्ड पत्र्यात ठोकून काढणारा कारागीर आता शोधावा लागतो. फायबरसाठी जुन्या मडगार्डला मेण लावून त्यावरूनच साचा निघतो. पण एका नगासाठी साच्याचा खर्च अंगावर येतो. चार-पाच जीपवाले मिळून केलं तर परवडतं.

फायबरचं काम उन्हाळ्यात मात्र देऊ नका. माझं एक मडगार्ड मे महिन्यात, 42 अंशांत भरलं गेलं. कारागिरानं हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, हिवाळ्याच्याच मापानं ओतला. रेझिन मॅटमध्ये नीट मुरण्याआधीच तापून घट्ट झालं, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. तेव्हाही पहाटेच्या गारठ्यात नको. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर थेट एकत्र करणाऱ्याकडे तर थांबूच नका, त्या मिश्रणाचा भडका उडतो.

दुरुस्तीत पत्रा सरस. बाभळीला घासला, पोचा आला, तर अंबडपासून उदगीरपर्यंत कुठलाही डेंटर काढून देतो. फायबर वाकत नाही, तडकतं. ते घासून, आतून मॅट लावून जोडता येतं, पण काम जाणणारा हवा.

कार्बन फायबर हलकं आणि ताठ असतं, यात वाद नाही. पण ते नुसतं दिसण्यासाठी घेत असाल तर शेतात जाणाऱ्या जीपवर पैसे घालू नका. शिवाय वरून यूव्ही रोखणारा पारदर्शक थर (क्लिअर कोट) नसेल तर उन्हानं त्यातलं इपॉक्सी रेझिन पिवळं पडतं.

माझ्या मते मडगार्ड फायबरचे, बोनेट आणि फ्लोअर पत्र्याचे. मडगार्ड मूळ मापापेक्षा रुंद करायचे असतील तर साचा टाकण्याआधी आरटीओत विचारा. आरसीतले तपशील बदलतील असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार चालत नाही. विमा कंपनीलाही आधीच लेखी कळवा.