आयकिडो: तीन दिवसांचा सेमिनार की तेवढ्याच पैशात क्लास?

मैत्रिणीने विचारलं, सहा महिने झाले आयकिडो (जपानी मार्शल आर्ट) करून, आता बडोद्यातच तीन दिवसांचा सेमिनार आहे, बाहेरून मोठे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, येतायत, पण फी आपल्या तीन महिन्यांच्या क्लासएवढी, तर जाऊ का? मी दोन्ही केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तासांचा हिशोब आधी. सेमिनारला रोज अडीच-अडीच तासांची दोन सेशन, तीन दिवसांत १५ तास. दांडिया बाजारातला आमचा क्लास आठवड्यातून तीनदा, तासभर, म्हणजे तेवढ्याच १५ तासांना पाच आठवडे. पण शरीराला हे १५ आणि ते १५ वेगळे. क्लासमध्ये आज कोतेगाएशी (मनगट वळवून टाकणं) केलं की मध्ये एक दिवस मिळतो, पोळ्या लाटताना मनगट कसं वळलं होतं ते आठवत राहतं, परवा करायला गेलं की थोडं अंगात बसलेलं असतं. सेमिनारला सकाळी इरिमिनागे ही फेक, दुपारी गुडघ्यांवर सुवारीवाझा, दुसऱ्या दिवशी 'जो' ही लाकडी काठी हातात, आणि रात्री वहीत लिहायला बसलं तर निम्मं विसरलेलं. नवीन टेक्निक शिकायला जाणार असाल तर सरळ क्लासची फी भरा.

सेमिनारला जायचं ते परक्या हातांसाठी. आयकिडोचे संस्थापक उएशिबा यांनी त्यात स्पर्धा ठेवली नाही, आयकिकाई या त्यांच्या संघटनेत आजही मॅच नसते. ज्युदोत समोरचा पडला नाही की लगेच कळतं आपलं काय चुकतंय, इथे आपण वर्षभर त्याच सहा-सात जणांना धरतो, ते प्रेमाने पडतात, आणि आपल्याला वाटतं जमलं. माझं शिहोनागे, म्हणजे समोरच्याचा हात वर घेऊन, फिरून त्याला खाली टाकणं, दोन वर्षं मला छानच वाटत होतं. सेमिनारमध्ये सुरतेच्या एका दणकट काकांनी मनगट धरलं, मी फिरले, आणि ते जागेवर उभेच. सेन्सेई आले, एक शब्द बोलले नाहीत, माझे बाजूला भरकटलेले हात दोन बोटांनी परत कपाळासमोर आणले, बस्स. पुन्हा फिरले तर काका मऊसूत खाली. ती वीतभर चूक आमच्या क्लासमध्ये कुणाला दिसलीच नव्हती कारण सगळे ती सांभाळून घेत होते. त्या एका क्षणासाठी मी पूर्ण फी पुन्हा भरीन.

दुसरी बाजूही सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे थकलेले असतात, आणि परक्या पार्टनरला आपण किती सहन करू शकतो ते माहीत नसतं. एकाने मला इतक्या वेगात टाकलं की खांदा मॅटवर आपटला, दहा दिवस स्कूटर चालवता आली नाही. शिहोनागेत तर डोक्याचा मागचा भाग आपटायची भीती असते, हे हलक्यात घेऊ नका. क्लासमधला पार्टनर आपला चेहरा बघून हात सैल करतो. आणि नको असेल तिथे 'धीमे, धीमे' असं मोठ्याने म्हणायचं, तिथे संकोच कामाचा नाही.

म्हणून मी बेल्ट विचारत नाही, किती महिने झाले तेही नाही, मी उकेमी, म्हणजे न लागता पडणं, बघते. क्लास संपताना, दम लागलेला असताना, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी मिळून तीसेक वेळा मागे पडा. शेवटच्या वेळीही हनुवटी छातीशी राहिली आणि डोकं मॅटला लागलं नाही तर खुशाल जा. मान सैल पडायला लागली तर अजून तीन महिने क्लासच.

खुद्द उएशिबांचंही असंच झालं. त्यांचे जुजुत्सूचे गुरू ताकेदा सोकाकू गावोगाव फिरून साधारण दहा-दहा दिवसांची शिबिरं घ्यायचे, १९१५ मध्ये होक्काइदोत उएशिबा त्यांच्याकडे पहिल्यांदा शिकले ते तसंच, आणि मग रोज शिकता यावं म्हणून त्यांना आपल्या शिराताकी गावी बोलावून घेतलं. सेमिनारने तहान लागली, ती भागवायला रोजची तालीमच लागली.

मैत्रिणीची डावी बाजू अजून कच्ची आहे, मी स्वतः बघितलंय. तिला म्हटलं, आयोजकांना विचार एकाच दिवसाची फी घेतात का, घेत असतील तर पहिला दिवस कर, म्हणजे सगळे ताजे असतात, आणि उरलेले दोन दिवस कडेला बसून बघ. जाशील तेव्हा गी (सरावाचा पोशाख) मात्र दोन घे, सकाळचा घामेजलेला दुपारपर्यंत वाळत नाही, आणि पायाच्या अंगठ्यांना आदल्या रात्रीच टेप लाव.