मसाई मारा: इथून ग्रुप टूर की नैरोबीचा लोकल ऑपरेटर?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची सफारी आम्ही दोन्ही प्रकारे केलीय म्हणून सांगते. पहिल्यांदा आई-बाबांसोबत पुण्यातून ग्रुप टूरने गेलो, तेव्हा व्हिसा, जेवण, टूर मॅनेजर सगळं एकदम सोयीचं, बाबांना रोज वरण-भात मिळाला त्यामुळे ते खूश. पण गाडीत सात जण, आणि सिंह दिसला की फोटो काढून लगेच पुढे, कारण लंचची वेळ ठरलेली! बिबट्या झाडावर होता, अजून अर्धा तास थांबलो असतो तर उतरताना दिसला असता, ते मला आजही लागतं.

दुसऱ्यांदा नैरोबीच्या लोकल ऑपरेटरकडून आम्ही चौघांनी अख्खी लँड क्रूझर घेतली, ड्रायव्हर-गाईड तिथल्या मसाई जमातीचाच होता, नदीकाठी तीन तास शांत बसवलं त्याने आणि मग विल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे मोठे हरणवर्गी प्राणी) नदी ओलांडायला पाण्यात उतरले, अंगावर काटा आला अक्षरशः. हे नदी ओलांडणं, म्हणजे क्रॉसिंग, साधारण जुलै ते ऑक्टोबर असतं, पण नेमका दिवस कुणीच सांगू शकत नाही, गॅरंटी देतो म्हणणाऱ्यापासून लांबच रहा.

पैशांचं मात्र नीट विचारा. परदेशी माणसाला पार्क फी जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100, आणि एक तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. आमच्या कोटेशनमध्ये ती धरलीच नव्हती, ऐनवेळी भरावी लागली. ऑपरेटर काटोचा (KATO, केनियातल्या टूर ऑपरेटरांची संघटना) मेंबर आहे का तेही बघा.

वयस्कर मंडळी असतील तर ग्रुप टूर, प्राण्यांसाठीच जाताय तर डोळे झाकून लोकल.