संगणकाचं घड्याळ मागे गेलं म्हणून बोर्ड बदलायला निघालात?

ज्या दुरुस्तीनंतर यंत्र खरोखरच नीट चालू लागतं, तिच्यात फसवणूक झाली असेल असं कुणाच्या मनात येत नाही. गोव्यात डिचोलीला राहणाऱ्या माझ्या काकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. काका निवृत्त शिक्षक. गावच्या भजनी मंडळाचा जमाखर्च ते घरच्या संगणकावर ठेवतात, त्यामुळे तारीख चुकली की त्यांचा जीव वरखाली होतो.

आपल्याकडे मिरगाच्या सुमारास गडगडाट सुरू झाला की घरोघरी प्लग काढून ठेवतात. टीव्ही, वायफायचा डबा, संगणक, सगळं. ते योग्यच आहे. पण संगणक बंद असला तरी प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या आतल्या मुख्य बोर्डाला, थोडी वीज मिळत राहते आणि आतलं घड्याळ तिच्यावर चालतं. प्लग काढला की सगळा भार बोर्डावरच्या एका चपट्या सेलवर येतो. काकांचा संगणक २०१६ सालचा, सेलही तेव्हाचाच. पावसाळ्यात प्लग निघाले आणि दमलेला सेल उघडा पडला. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर ‘तारीख-वेळ सेट नाही, एफ-१ दाबा’ अशा अर्थाचा संदेश, आणि पुढे गेल्यावर तारीख १ जानेवारी २०१६.

यातून पुढचा गोंधळ होतो तो बिचाऱ्या इंटरनेटच्या माथी मारला जातो. बँकेची साइट उघडेना, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागली. प्रत्येक सुरक्षित साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि अखेरची तारीख असते. २०१६ मध्ये बसलेल्या संगणकाला आजचं प्रमाणपत्र अजून निघालेलंच नसतं, मग तो त्यावर विश्वास कसा ठेवणार? विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं हे खरं, पण घरगुती संगणकावर मूळ सेटिंगप्रमाणे फरक १५ तासांहून मोठा असेल तर ते सहसा हात लावत नाही.

काकांनी म्हापशाच्या एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने कॅबिनेट उघडलं नाही, स्क्रूड्रायव्हर पिशवीतून बाहेरही काढला नाही. तारीख बघितली आणि म्हणाला, “सर, बोर्डावरची घड्याळाची आयसी, म्हणजे चिप, गेली. विजेचं काम. यंदा असे बरेच आलेत.” यातली गोम लक्षात घ्या. विजेने बोर्ड खरोखर जळतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जळलेले असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंका येत नाही. पण बोर्ड विजेने जळला तर संगणक बहुधा सुरूच होत नाही. फक्त तारीख विसरून बाकी सगळं सुरळीत चालवणारी वीज मी तरी ऐकलेली नाही.

कॅबिनेट दुकानात गेलं. परत आलं तेव्हा वहीच्या पानावर बिल: मदरबोर्ड ५,८०० रुपये, बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) प्रोग्रॅमिंग १,२००, अँटिव्हायरस ९००. खाली शिक्का, जीएसटी क्रमांक नाही. त्या माणसाने काकांसमोर प्लग काढला, थोडं थांबला, पुन्हा लावला. वेळ बरोबर! काकांनी चहा पाजला आणि यूपीआयने पैसे दिले.

मी चतुर्थीला गेलो तेव्हा काका म्हणाले, घड्याळ बरं झालं पण संगणक रखडतो. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी, ४ जीबी. पूर्वी ८ होती, चारच्या दोन पट्ट्या. कॅबिनेट उघडलं तर एक खाच रिकामी. काकू खोकी टाकत नाहीत, त्यामुळे मूळ बोर्डाचा खोका माळ्यावर सापडला. खोक्यावरच्या लेबलाचा सीरियल नंबर आणि आतल्या बोर्डावरचा नंबर अक्षरशः एकच. बोर्ड बदललाच नव्हता. नवी वस्तू एकच होती: चकचकीत सीआर २०३२ सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे पन्नासेक रुपयांत मिळणारा.

दुकानात गेलो. “नवा बोर्ड कुठाय?”

“नवा कोण म्हणालं? तोच रिपेअर केला. बिलात नवा लिहिलाय का?”

“रिपेअर काय केलं?”

“चिप-लेव्हलचं काम ते, तुम्हाला दिसायचं नाही.”

रॅमचं विचारल्यावर मात्र आवाज उतरला. पोरं कामाला असतात, चुकून राहिली असेल, असं म्हणत ड्रॉवरमधून एक पट्टी काढून दिली. ती आमचीच की दुसऱ्या कुणाची, देव जाणे.

तर घड्याळ चुकलं की आधी ते कसं चुकतंय ते पाहा. प्लग काढल्यावरच एकदम वर्षं मागे जात असेल तर जवळजवळ नक्की सेल. बरोबर साडेपाच तासांचा फरक पडत असेल तर टाइम झोन चुकलाय, किंवा त्याच संगणकावर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी प्रणालीही आहे आणि दोघं घड्याळ वेगवेगळ्या हिशेबाने वाचतात. तिथे पैसे खर्च करण्यासारखं काहीच नाही. नावातला २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, एवढं सांगितलं तरी दुकानदार बरोबर सेल देतो. नवा सेल मीटरवर ३ व्होल्ट किंवा थोडा वर दाखवतो.

डेस्कटॉपचा सेल बदलायला प्लग काढायचा, सेलच्या बाजूची छोटी पट्टी हलकेच ढकलून जुना सेल काढायचा आणि नवा सेल अधिक खुणेची बाजू वर ठेवून बसवायचा. त्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो घ्या. ती सेटिंग मूळपदावर जातात, आणि हार्ड डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरू होत नाही. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. लॅपटॉपच्या वाटेला मात्र जाऊ नका, काहींत सेल वायरने जोडलेला असतो. जुना सेल पोरांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेतू शकतं.

आणि कॅबिनेट दुकानात द्यावंच लागलं तर आधी उघडून बोर्डाच्या नंबराचा आणि रॅमच्या पट्ट्यांचा फोटो काढा, तोही नेणाऱ्याच्या समोर. काढलेला जुना भाग परत मागा. बिलात ‘नवा’ की ‘दुरुस्त’ हे लिहून घ्या, कारण आमची मान तिथेच अडकली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे बिल, यूपीआयची नोंद आणि दोन्ही नंबरांचे फोटो देऊन तक्रार नोंदवली. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार नोंदवल्यावर दुकानातून काकांना फोन आला: तीन हजार देतो, तक्रार मागे घ्या. काका नरमले होते, गावात उगाच चर्चा नको म्हणत होते. काकूंनी फोन हातात घेतला आणि सांगितलं, “बोर्डाचे ५,८०० दे, प्रोग्रॅमिंगचे १,२०० दे. सेलचे पन्नास तुझे तू कापून घे.”

तक्रार अजून मागे घेतलेली नाही.